सर्वांत जलद नव्हे, सर्वांत खात्रीची गाडी

बर्लिनमध्ये नोकरी शोधणाऱ्या माणसाने प्रवासाच्या ॲपवर डोळे झाकून विसंबू नये, असे माझे आता पक्के मत झाले आहे. ॲप चुकीची माहिती देते अशी माझी तक्रार नाही. ठरलेल्या ठिकाणी कमीत कमी मिनिटांत पोचवणारा मार्ग शोधून देणे एवढेच त्याचे काम असते, आणि त्यासाठी तीन मिनिटांत जिना चढून, फलाट बदलून पुढची गाडी पकडण्याची अट आपल्या पायांवर लादायला ते मागेपुढे पाहत नाही. रोज कामावर जाणाऱ्याला हे चालून जाते, कारण एखाद्या दिवशी दहा मिनिटे उशीर झाला तरी फारसे काही बिघडत नाही. मुलाखतीला निघालेल्या माणसाला मात्र त्या दारात उभे राहण्याची संधी बहुधा एकदाच मिळते. त्याला वीस मिनिटे जास्त लागली तरी चालतील, पण हमखास पोचवणारा मार्ग हवा असतो. सोबत कोणी ओळखीचे नसेल, भाषा जेमतेम येत असेल आणि व्हिसाची मुदत ठरलेली असेल, तर ही गरज आणखीच वाढते.

मी येथे चान्सनकार्टेवर आले. हा निवास परवाना १ जून २०२४ पासून मिळू लागला. शिक्षण, अनुभव, भाषा, वय अशा निकषांवर किमान सहा गुण मिळाले, तर एक वर्षापर्यंत जर्मनीत राहून नोकरी शोधता येते. या काळात आठवड्याला २० तासांपर्यंत अर्धवेळ काम करण्याची आणि एखाद्या मालकाकडे दोन आठवड्यांपर्यंत चाचणीदाखल काम करून पाहण्याची मुभा असते. आपला खर्च आपण चालवू शकतो हे मात्र आधीच दाखवावे लागते. २०२५ साठी ही रक्कम दरमहा १,०९१ युरो होती आणि बहुतेक जण ती गोठवलेल्या (ब्लॉक्ड) खात्यात ठेवून दरमहा ठरावीक हप्त्याने काढतात. त्या हप्त्यातून खोलीचे भाडे आणि आरोग्य विमा वजा झाला की उरलेल्या पैशांत प्रवासाचा वाटा किती, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात समोर उभा राहतो.

माझे क्षेत्र जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांचे आहे आणि या क्षेत्रातल्या नोकऱ्या बर्लिनमध्ये एका ठिकाणी नाहीत. शहराच्या ईशान्य टोकाला बूख आहे. तेथे माक्स डेलब्रुक केंद्रासह संशोधनसंस्था आणि जैवतंत्रज्ञान कंपन्या यांचा मोठा परिसर आहे. आग्नेयेला आडलर्सहोफचे विज्ञान आणि तंत्रज्ञान संकुल आहे. नैर्ऋत्येला डाहलेम आहे आणि तेथे फ्राय विद्यापीठाच्या आसपास प्रयोगशाळा पसरलेल्या आहेत. याशिवाय शहराच्या हद्दीबाहेर, ब्रांडेनबुर्ग राज्यात असलेल्या हेनिग्सडॉर्फमध्येही कंपन्या आहेत. नकाशावर ही चारही ठिकाणे एकाच शहराची दिसत असली, तरी आज बूखला आणि उद्या डाहलेमला जाणे म्हणजे दोन वेगळ्या गावांना जाण्यासारखे आहे.

म्हणून तात्पुरती खोली घेताना मी भाड्याइतकेच लक्ष रेल्वेच्या फाट्यांकडे दिले. माझ्या खोलीजवळचे टेम्पेलहोफ हे स्थानक रिंगबानवर आहे. शहराच्या मध्यभागाला वेढा घालणारा हा एस-बानचा, म्हणजे इथल्या लोकल रेल्वेचा, वर्तुळाकार मार्ग सुमारे ३७ किलोमीटर लांब आहे, त्यावर २७ स्थानके आहेत आणि एक फेरी पूर्ण व्हायला साधारण एक तास लागतो. टेम्पेलहोफहून आडलर्सहोफला एस४५ किंवा एस४६ या गाड्या थेट जातात. बूखसाठी एकच स्थानक पुढे स्यूडक्रॉइत्सला उतरून एस२ धरायची, हेनिग्सडॉर्फसाठी त्याच ठिकाणी एस२५, आणि डाहलेमसाठी रिंगवरून हायडेलबेर्गर प्लाट्सपर्यंत जाऊन तेथे ऊ३ ही भुयारी गाडी पकडायची. म्हणजे चारांपैकी एका ठिकाणी गाडी न बदलता आणि उरलेल्या तिन्ही ठिकाणी एकदाच बदलून स्थानकापर्यंत पोचता येते. याच भाड्यात याहून मोठी खोली मला दुसरीकडे मिळत होती, पण तेथून प्रत्येक वेळी आधी बस, मग ट्राम, मग एस-बान असे करावे लागले असते. नोकरी मिळण्यापूर्वी घर निवडताना खिडकीतून काय दिसते यापेक्षा दाराबाहेरून किती दिशांना थेट गाडी मिळते हे पाहावे, या मताशी मी अजून ठाम आहे.

स्थानकापर्यंत पोचणे हा मात्र सोपा भाग झाला. खरी अडचण स्थानकापासून कंपनीच्या फाटकापर्यंतच्या शेवटच्या टप्प्याची असते. गर्दीच्या वेळी ऊ-बानची, म्हणजे भुयारी रेल्वेची, एक गाडी चुकली तर चार-पाच मिनिटांत दुसरी येते, एस-बानच्या एका मार्गाची गाडी बहुधा दहा किंवा वीस मिनिटांनी येते, आणि शहराच्या कडेच्या बसचे अंतर वीस मिनिटे किंवा त्याहून जास्तही असू शकते. प्रवासाच्या सुरुवातीला एक मिनिटाचा उशीर झाला तर तो एक मिनिटाचाच राहील असे नाही, कारण त्या एका मिनिटाने शेवटची बस सुटली तर त्याची वीस मिनिटे होतात. हे ध्यानात आल्यापासून मी प्रवासाची आखणी उलट्या बाजूने करते.

बूखच्या परिसरात सकाळी दहाची मुलाखत आहे असे समजा. फाटकावर नाव सांगणे, ओळखपत्र दाखवणे, मोठ्या परिसरात नेमकी इमारत शोधणे आणि ओव्हरकोट काढून श्वास सावरणे यासाठी मी पंचवीस मिनिटे धरते. म्हणजे परिसराच्या थांब्यावर ९ वाजून ३५ मिनिटांच्या आत उतरायचे. बूख स्थानकापासून परिसरात ३५३ क्रमांकाची बस जाते. आधी तिचे वेळापत्रक काढायचे, ९:३५ पूर्वी पोचवणारी बस शोधायची आणि मग तिच्याही आधीच्या बसवर नेमकी वेळ साधेल अशी एस२ निवडायची. आधीची बस हुकली तरी ठरवलेली बस हातात राहते, आणि आधीचीच मिळाली तर वीस मिनिटे बाकावर बसून अर्ज पुन्हा वाचता येतो. दोन्ही बस रद्द झाल्या तर? त्यासाठी स्थानकापासून चालत किती वेळ लागतो हे आधीच पाहून ठेवायचे. बूखमध्ये तो साधारण वीस मिनिटे आहे आणि रस्ता सरळ आहे. चालत जाता येईल का, या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल तर तो मार्ग मी खात्रीचा समजते. उत्तर ‘नाही’ असेल तर आणखी एक गाडी आधी निघते.

शेवटचा टप्पा शहराच्या कोणत्या भागात कसा असेल याचा काहीसा अंदाज इतिहासावरून बांधता येतो. पश्चिम बर्लिनने आपली शेवटची ट्राम १९६७ मध्ये बंद केली आणि ऊ-बान व बस यांवर भर दिला, तर पूर्व बर्लिनने ट्राम चालू ठेवली. भिंत पडून इतकी वर्षे झाली तरी ट्रामचे जाळे अजून मुख्यतः पूर्वेकडेच आहे. त्यामुळे आडलर्सहोफला एस-बानमधून उतरल्यावर संकुलात नेणाऱ्या ट्राम मिळतात आणि डाहलेमला ऊ-बानच्या स्थानकातून बाहेर पडून पायीच निघायचे असते. (डाहलेम-डॉर्फ स्थानकाचे छप्पर गवताने शाकारलेले आहे. पहिल्यांदा पाहताना आपण भुयारी रेल्वेच्या स्थानकावर उभे आहोत यावर विश्वास बसत नाही.) बूखला नेणारी एस२ ज्या बोगद्यातून जाते, तेथील काही स्थानके फाळणीच्या काळात बंद होती. पश्चिमेच्या गाड्या पूर्व बर्लिनच्या जमिनीखालून न थांबता पुढे जात असत, आणि त्या भुताळी स्थानकांविषयीचे प्रदर्शन आज नोर्डबानहोफ स्थानकातच मांडलेले आहे. मुलाखतीहून परतताना वेळ असेल तर ते पाहण्यासारखे आहे. जाताना उतरू नये.

फलाटावरचे फलक वाचण्याची सवय व्हायला थोडे दिवस जातात. येथे दिशा शेवटच्या स्थानकाच्या नावाने लिहिलेली असते. आपल्याला बूखला जायचे असले तरी फलकावर बहुधा बेर्नाऊ असते, आणि आपले स्थानक त्या बाजूला आहे की नाही हे आपल्यालाच ठाऊक असावे लागते. रिंगबानला तर शेवटचे स्थानकच नाही. तेथे एस४१ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आणि एस४२ उलट दिशेने फिरते. टेम्पेलहोफहून स्यूडक्रॉइत्सला नेणारी एस४१ आहे, आणि परतताना एस४२ किंवा त्या बाजूला जाणारी एस४५ वा एस४६ धरायची. उलट, आडलर्सहोफला जाताना एकाच क्रमांकाला चिकटून राहण्याचे कारण नसते. श्योनेवायडेपासून एस८, एस८५, एस९, एस४५ आणि एस४६ या साऱ्या गाड्या आडलर्सहोफला थांबतात आणि त्यांचे फाटे त्यानंतर फुटतात. आपल्या क्रमांकाची गाडी उशिरा येणार असेल तेव्हा ही माहिती ॲपपेक्षा उपयोगी पडते.

नावांच्या बाबतीत मात्र डोळ्यांत तेल घालूनच वाचावे लागते. श्योनेबेर्ग, श्योनेवायडे, श्योनेफेल्ड, श्योनहोल्त्स, श्योनहाउझर आले आणि श्योनलाइनष्ट्रासे अशी सहा निरनिराळी स्थानके या शहरात आणि त्याच्या कडेला आहेत. त्यांपैकी दोन रिंगवरच आहेत, एक दक्षिणेला आणि दुसरे उत्तरेला. फोनवरून कोणी घाईघाईत पत्ता सांगितला तर स्थानकाचे नाव अक्षर न् अक्षर लिहून पाठवण्याची विनंती करावी. इकडच्या लोकांना त्यात काही वावगे वाटत नाही, आणि नेमकेपणाचा आग्रह धरणारी उमेदवार म्हणून आपली नोंद झाली तर तोटा काहीच नाही.

पत्त्याच्या बाबतीत या शहराने माझी जेवढी परीक्षा पाहिली तेवढी गाड्यांनी पाहिली नाही. आजचे बर्लिन १९२० मध्ये घडले. जुन्या शहरात सात स्वतंत्र नगरे, ५९ गावे आणि २७ जहागिरी त्या वर्षी सामील झाल्या. प्रत्येक गावाचा आपापला मुख्य रस्ता आणि स्थानकाचा रस्ता होता. त्यांतली बरीच नावे तशीच राहिली, त्यामुळे एकाच नावाचे रस्ते निरनिराळ्या भागांत आढळतात. बर्लिनमध्येच ‘बेर्लिनर ष्ट्रासे’ एकापेक्षा अधिक आहेत. म्हणून पाच अंकी पिनकोड ही येथे केवळ टपालाची सोय राहत नाही. रस्त्याचे नाव आणि घर क्रमांक टाकल्यावर ॲप पहिला पर्याय दाखवते तो आपला असेलच असे नाही, आणि पिनकोड ताडून पाहिल्याशिवाय मी आता मार्ग शोधतच नाही.

योग्य रस्त्यावर पोचल्यावर घर क्रमांकांची गंमत सुरू होते. शहराच्या अनेक जुन्या रस्त्यांवर समोरासमोरच्या घरांना लागोपाठचे क्रमांक नसतात. क्रमांक एका बाजूने चढत जातात, रस्त्याच्या टोकाशी वळतात आणि दुसऱ्या बाजूने परत येतात. कुरफ्युर्स्टेनडामसारख्या लांबलचक रस्त्यावर यामुळे लहान क्रमांकासमोर दोनशेच्या पुढचा क्रमांक दिसतो. नवख्या माणसाला वाटते की आपण चुकीच्या रस्त्यावर आलो. कोपऱ्यावरच्या रस्त्याच्या पाटीवर त्या टप्प्यातल्या घरांचे क्रमांक लिहिलेले असतात. ते वाचायची सवय लागली की फोन खिशात ठेवून चालता येते.

त्यापुढचा अडथळा अंगणांचा आहे. जुन्या व्यापारी इमारती रस्त्यापासून आत आतपर्यंत पसरलेल्या असतात, एका अंगणातून दुसऱ्या आणि दुसऱ्यातून तिसऱ्या अंगणात कमानीखालून जावे लागते, आणि लहान कंपन्या बहुधा अशाच ठिकाणी जागा घेतात. मुलाखतीच्या पत्रात ‘दुसरे अंगण, जिना क, चौथा मजला’ असा उल्लेख असेल तर तो पत्त्याचाच भाग आहे हे समजावे. एका कंपनीच्या दारावर पितळी बटणांच्या तीन ओळी होत्या, प्रत्येकासमोर छापील नाव होते, मजल्याचा आकडा कोठेच नव्हता, आणि मला बोलावणाऱ्या कंपनीचे नाव तिच्या मूळ कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरांत लावलेले होते. खाली उभे राहून ती नावे एक एक वाचताना चांगली चार-पाच मिनिटे गेली. घंटी दाबल्यावर कुलूप उघडल्याचा गुणगुणल्यासारखा आवाज येतो, आणि तो चालू असेपर्यंतच दार ढकलायचे असते. रस्त्यापासून खुर्चीपर्यंतचा हा वेळ कोणतेही ॲप मोजत नाही.

आता तिकिटाचे. बर्लिनचे तीन भाडेपट्टे आहेत. रिंगच्या आतला अ, तेथून शहराच्या हद्दीपर्यंतचा ब, आणि हद्दीबाहेरचा क. बूख, आडलर्सहोफ आणि डाहलेम ब मध्ये येतात. हेनिग्सडॉर्फ, पोट्सडाम आणि विमानतळ क मध्ये येतात, आणि अ-ब चे तिकीट तेथे पुरत नाही. २०२५ मध्ये अ-ब चे एकेरी तिकीट ३ युरो ८० सेंटला मिळत होते. ते दोन तास चालते, त्यात गाड्या बदलता येतात, पण त्यावर परतीचा प्रवास करता येत नाही. त्याच वर्षी डॉइचलांड-टिकेट हा देशभराचा मासिक पास ५८ युरोला होता. (मे २०२३ मध्ये तो ४९ युरोला सुरू झाला आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरोचा झाला.) जाऊन-येऊन ७ युरो ६० सेंट धरले तर महिन्यातल्या आठव्या खेपेला पास स्वस्त पडतो. मुलाखती महिन्याला आठ होत नाहीत हे खरे आहे. पण सरकारी कार्यालये, अर्धवेळ काम, भाषेचा वर्ग आणि खोल्या पाहणे हे धरले तर आठ खेपा पंधरवड्यातच होतात. शिवाय पट्ट्यांचा विचार डोक्यातून निघून जातो आणि चुकीच्या दिशेने दोन स्थानके गेले तरी नवे तिकीट काढावे लागत नाही, याची मनःशांती वेगळीच. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी लागते. हा पास दरमहा आपोआप पुढे चालू राहतो आणि पुढच्या महिन्यापासून तो नको असेल तर चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावा लागतो.

येथील स्थानकांवर तिकीट तपासणारी फाटके नाहीत. कोणीही सरळ फलाटावर जाऊन गाडीत बसू शकतो, आणि नवख्याला वाटते की तिकिटाचे येथे कोणाला पडलेले नाही. कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रातून काढले तर ते जवळच्या छोट्या पेटीत घालून त्यावर तारीख-वेळेचा शिक्का उमटवून घ्यावा लागतो, कारण शिक्क्यावाचून ते तिकीट ग्राह्य धरले जात नाही. तपासनीस बहुधा साध्या कपड्यांत असतात. शेजारी बसलेला, पाठीवर पिशवी लावलेला माणूस दारे बंद होताच उठतो, खिशातून छोटे यंत्र काढतो आणि तिकिटे मागू लागतो. दंड ६० युरो आहे. माझ्यासमोरच एका पर्यटक जोडप्याने शिक्का न मारलेली दोन तिकिटे दाखवली. तिकीट विकत घेतले आहे, हे ते परोपरीने सांगत होते आणि तपासनीस शांतपणे पावती लिहीत होता. पास फोनमध्ये असेल आणि फोनच बंद पडला तर तेही तिकीट नसल्यातच जमा होते. पास आपल्या नावाचा असल्याने नंतर कार्यालयात दाखवून रक्कम ७ युरोपर्यंत कमी होते, पण मुलाखतीला जाताना ही कटकट कोण ओढवून घेईल? पासावर छायाचित्र नसते, म्हणून पासपोर्ट किंवा निवास परवान्याचे कार्डही सोबत ठेवावे लागते.

कामांमुळे मार्ग बंद असणे ही येथली नेहमीची गोष्ट आहे. रूळांची कामे बहुधा शनिवार-रविवारी किंवा रात्री काढतात, पण काही आठवडेच्या आठवडे चालतात. अशा वेळी एसइव्ही अशी पाटी लावलेल्या बदली बस धावतात. त्या त्याच स्थानकांना जोडतात, पण रस्त्यावरून जात असल्यामुळे वेळ जास्त लागतो आणि त्यांचा थांबा स्थानकाच्या दारापासून थोडा दूर, कधी चौकाच्या पलीकडे असतो. मुलाखतीचे पत्र आले की मी आधी त्या दिवशीच्या कामांची सूचना पाहते, आणि तो मार्ग बंद असेल तर बदली बसच्या भरवशावर न राहता दुसरा मार्ग काढते. ऊ-बानच्या डब्यांत वातानुकूलन नाही हेही उन्हाळ्यात हिशेबात धरावे. जुलैच्या दुपारी ऊ७ मधून अर्धा तास प्रवास करून कोणाच्याही चेहऱ्यावर टवटवी राहत नाही. अशा दिवशी मी लवकर निघते आणि इमारतीच्या सावलीत दहा मिनिटे उभी राहते.

एकटीने फिरताना सर्वांत आधी अंगवळणी पाडली ती विचारण्याची पद्धत. ‘बूखला कसे जायचे?’ असे विचारले की लांबलचक उत्तर मिळते आणि त्यातले निम्मे कळत नाही. ‘ही गाडी बूखला जाते का?’ असे विचारले की उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ मिळते, आणि ते कोणत्याही भाषेत मानेच्या हालचालीवरून समजते. पत्ता मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवते, कारण माझ्या उच्चारापेक्षा माझ्या अक्षरावर माझा जास्त भरवसा आहे. येथील माणसे फार बोलत नाहीत आणि बसचालक तर त्याहून कमी बोलतात, पण विचारलेल्याचे उत्तर चोख देतात. एका वृद्ध बाईंनी माझा कागद वाचून काही न बोलता दोन बोटे दाखवली आणि दोन थांबे गेल्यावर हाताने खूण करून मला उतरवले. आपणच पाहायचे, आपणच ठरवायचे आणि चुकले तर आपणच निस्तरायचे याचा थकवा असतोच. विशेषतः नकार ऐकून परतताना तो जास्त जाणवतो. त्या वेळी मी मुद्दाम गाडी बदलावी न लागणारा मार्ग घेते, मग तो कितीही लांबचा असो.

रात्रीचा विचार वेगळा करावा लागतो. माझे अर्धवेळ काम कधी कधी उशिरा संपते. शुक्रवार-शनिवारच्या रात्री ऊ-बान रात्रभर चालते. इतर दिवशी ती मध्यरात्रीनंतर काही तास बंद होते आणि तिच्या मार्गाने रात्रीच्या बस धावतात. ऊ६ च्या वाटेने एन६, ऊ७ च्या वाटेने एन७, असे त्यांचे क्रमांक सहज लक्षात राहतात. बस अर्ध्या तासाच्या अंतराने येते, म्हणून मी थांब्यावर जाऊन वाट पाहत नाही. कामाच्या जागीच थांबते आणि वेळ धरून निघते. बसमध्ये चालकाच्या जवळची जागा घेते. ऊ-बानच्या फलाटांवर मदतीचे बटण असलेले खांब आहेत, आणि ते कोठे आहेत हे आपल्या नेहमीच्या स्थानकावर एकदा दिवसाउजेडी पाहून ठेवलेले बरे. यात भीतीचा भाग कमी आणि सवयीचा जास्त आहे.

डॉइचलांड-टिकेटमुळे शोधाचा परीघ बर्लिनच्या बाहेरही वाढतो. हा पास देशभरातल्या प्रादेशिक गाड्यांना चालतो, लांब पल्ल्याच्या आयसीई आणि आयसी गाड्यांना चालत नाही. आरइ१ ही प्रादेशिक गाडी बर्लिनहून पोट्सडाम आणि ब्रांडेनबुर्ग शहरामार्गे थेट माग्डेबुर्गला जाते, त्यामुळे तेथील प्रयोगशाळांनाही मी अर्ज करू लागले. दूरच्या मुलाखतीविषयी एक नियम अनेक उमेदवारांना ठाऊक नसतो. जर्मन नागरी कायद्याच्या कलम ६७० नुसार, मालकाने स्वतः मुलाखतीला बोलावले असेल आणि प्रवासखर्च देणार नाही असे आधी स्पष्ट कळवले नसेल, तर रास्त प्रवासखर्च त्याने द्यायचा असतो. म्हणून निमंत्रणाचे पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे, कारण नकाराचे वाक्य असलेच तर बहुधा तेथेच असते. पत्रात खर्चाचा उल्लेखच नसेल तर जाण्यापूर्वी एका ओळीत विचारून घ्यावे. असे विचारल्याने उमेदवारी धोक्यात येते, हा समज मला निराधार वाटतो. मला आलेली उत्तरे नेहमी साधी आणि सभ्य होती, आणि एका ठिकाणाहून तर खर्चाचा अर्जच सोबत जोडून आला.

मुलाखतीच्या शेवटी तुम्हाला काही विचारायचे आहे का, असा प्रश्न आला की मी आता कामाविषयीच्या प्रश्नांनंतर दोन गोष्टी आवर्जून विचारते. पहिली म्हणजे सकाळची पाळी किती वाजता सुरू होते, कारण सहाची पाळी असेल तर बूखला पोचण्यासाठी शेवटच्या टप्प्याची पहिली बस किती वाजता निघते यावर बरेच काही अवलंबून राहील. दुसरी म्हणजे कंपनी कर्मचाऱ्यांना जॉब-टिकेट देते का. मालकाने डॉइचलांड-टिकेटच्या किमतीतला किमान २५ टक्के वाटा उचलला, तर त्यावर आणखी ५ टक्के सवलत मिळते, आणि २०२५ मध्ये ५८ युरोचा पास कर्मचाऱ्याला जास्तीत जास्त ४० युरो ६० सेंटला पडत होता. आडलर्सहोफमधल्या ज्या कंपनीने मला दुसऱ्या फेरीला बोलावले आहे, तेथे ही सोय आहे असे त्यांच्या मनुष्यबळ विभागातल्या बाईंनी सांगितले. पाळी आठला सुरू होते.